मोरीच्या पाण्यातली वीज

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सगळ्यांत जास्त गर्दी असते ती मोरीपाशी. आता तिला बाथरूम म्हणायची पद्धत पडली आहे, पण आमच्या आईच्या तोंडी ती अजून मोरीच आहे. एकेक स्वारी पाटावर येऊन बसते, अंगाला तेल चोपडले जाते, उटणे लागते, कढत पाण्याचे तांब्यांवर तांबे ओतले जातात, आणि तेल, उटणे, साबण, मळ असा सगळा सरंजाम बरोबर घेऊन ते पाणी कोपऱ्यातल्या जाळीखाली गडप होते. तिकडे स्वयंपाकघरातही तोच प्रकार. अनारशांच्या तांदळाचे धुवण, चकलीच्या पिठाची परात, फराळाच्या बशा, सगळे खळखळून वाहून जाते. ते पुढे जाते कुठे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडतो? खरे सांगायचे तर मोरी तुंबेपर्यंत कोणालाच पडत नाही!

यंदा मात्र तो आमच्या घरात पडला, आणि तोही आठवीतल्या चिरंजीवांमुळे. शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी त्यांनी आजीची लोणच्याची रिकामी काचेची बरणी पळवली, मागच्या नाल्याकाठचा काळाकुट्ट चिखल तीत भरला, ती गॅलरीत आणून ठेवली, आणि "यातून मी वीज काढणार" अशी घोषणा केली. सौ.ने नाकाला पदर लावला. आई म्हणाली, "बरणी गेली ती गेलीच. पण आता या घाणीचा दिवा घरात लावणार आहेस होय रे?" मी मोठ्याने हसलो.

ते हसणे माझ्या अंगाशी आले. "बाबा, हसू नका. का निघणार नाही ते सांगा," असे चिरंजीव म्हणाले, आणि उत्तर देण्यासाठी मला पुस्तके उघडावी लागली. उघडल्यावर कळले की हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. सांडपाण्यातून सरळ वीज काढण्याच्या खटपटीला शंभरावर वर्षे झाली आहेत, आणि ती खटपट करणाऱ्यांत आपल्या देशातले शास्त्रज्ञही पुढे आहेत. त्या खटपटीची ही हकीकत.

काखेत कळसा

मोरीतले पाणी घाण का? तर त्यात अन्न आहे म्हणून! तांदळाची पेज, भाजीचे कण, दुधाचा अंश, आणि शौचकूपातून येणारे, शरीराने पुरते न वापरलेले अन्न. या सगळ्यावर असंख्य सूक्ष्म जंतू जगतात. असे पाणी तसेच नदीत सोडले तर जंतूंची चंगळ होते. ते अन्न खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात, आणि माशांना श्वास घ्यायला काही उरत नाही. नदी 'मरते' ती अशी.

म्हणून शहाणी शहरे काय करतात? जंतूंची ही मेजवानी नदीत होऊ न देता आधीच एका हौदात उरकून घेतात. १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी ही रीत पक्की केली. हौदात सांडपाणी घ्यायचे, त्यात जंतूंनी भरलेला गाळ ठेवायचा, आणि खालून सारखी हवा फुंकत राहायचे. जंतू त्या हवेवर श्वास घेतात, घाण खाऊन टाकतात, आणि पाणी निवळते. आज जगभरच्या मोठ्या शहरांत बहुतेक ठिकाणी हीच पद्धत किंवा तिची भावंडे चालू आहेत.

पद्धत चांगली, पण भारी खर्चाची. हवा फुंकायला प्रचंड पंखे लागतात आणि ते रात्रंदिवस चालावे लागतात. अशा केंद्रात जेवढी वीज जळते तिच्यातली सुमारे निम्मी या हवेपायीच जाते. हजार लिटर सांडपाणी स्वच्छ करायला साधारणपणे अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला वीज आहेच, आणि ते वापरून झाल्यावर त्याची घाण काढायलाही वीज!

आता गंमत पाहा. त्याच हजार लिटर घरगुती सांडपाण्यात जे अन्न विरघळलेले असते, त्यातली रासायनिक शक्ती मोजली तर ती भरते सुमारे दोन युनिट. म्हणजे स्वच्छ करायला जेवढी शक्ती लागते तिच्या तिप्पट-चौपट शक्ती त्या घाणीतच दडलेली आहे! आपण ती हौदात जंतूंना फुकट खाऊ घालतो, आणि वर त्यांना हवा घालायला वीजमंडळाचे बिल भरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून निराळा काय असेल?

हा केवळ हिशेबाचा विनोद असता तर सोडून दिला असता. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली आपल्या देशातल्या शहरांची जी गणती प्रसिद्ध केली ती वाचून हसू मावळते. शहरांतून रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. ते स्वच्छ करण्यासाठी जी केंद्रे बांधली आहेत त्यांची ताकद त्याच्या निम्मीही नाही. आणि प्रत्यक्षात स्वच्छ होते ते सुमारे २०,००० दशलक्ष लिटर, म्हणजे शंभरांतले अठ्ठावीस. बाकीचे नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात. याची कारणे अनेक आहेत, पण केंद्र बांधायला एकदाच पैसे लागतात आणि चालवायला रोज लागतात, हे त्यांतले एक मोठे कारण. लहान नगरपालिकेला विजेचे बिल डोईजड झाले की पंखे थांबतात, आणि पंखे थांबले की नदी काळी होते. तेव्हा घाणीतली शक्ती घाणच धुवायला वापरता आली तर नुसती चार पैशांची बचत होईल असे नाही. एखादी नदी वाचेल.

जंतूचा श्वास आणि कोयनेचे पाणी

पण जंतूंच्या पोटातून वीज निघते तरी कशी? त्यासाठी आधी श्वास म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

कोयनेचे पाणी उंचावरून खाली पोफळीच्या वीजघरात पडते, आणि पडता पडता चाके फिरवते. सजीवांच्या शरीरातही असाच एक धबधबा अखंड चालू असतो. तेथे पाण्याऐवजी पडत असतात इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण. अन्नातले इलेक्ट्रॉन 'उंचावर' असतात. प्राणवायू हा खालचा डोह. अन्नापासून प्राणवायूपर्यंत हे कण पायरीपायरीने उतरतात, आणि त्या उताराच्या जोरावर आपण चालतो, बोलतो, विचार करतो. आपण श्वास घेतो तो या उतरून आलेल्या कणांना पदरात घेणारा कोणीतरी हवा म्हणून.

जंतूंचेही असेच आहे. पण चिखलाच्या तळाशी प्राणवायू पोचतच नाही. मग तिथले जंतू काय करतात? काही जंतू त्याच्या जागी दुसरा गिऱ्हाईक शोधतात. चिखलातला लोखंडाचा गंज हा त्यांतला एक. १९८७ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातून असा एक जंतू वेगळा काढला. जिओबॅक्टर हे त्याच्या कुळाचे नाव. तो अन्न खातो आणि इलेक्ट्रॉन आपल्या शरीराच्या बाहेर, गंजाच्या कणांवर नेऊन टाकतो. थोडक्यात, तो लोखंडावर श्वास घेतो!

आता एखाद्याने गंजाच्या ऐवजी या जंतूसमोर कार्बनची कांडी ठेवली तर? जंतूला फरक पडत नाही. तो कांडीवर इलेक्ट्रॉन टाकू लागतो. त्या कांडीला तार जोडा, तारेचे दुसरे टोक वर हवेशी लागून असलेल्या दुसऱ्या कांडीला जोडा. खालचे कण तारेतून धावत वरच्या कांडीकडे जातात, कारण तिथे प्राणवायू त्यांची वाट पाहत असतो. तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. जंतूच्या नाकापासून त्याचा प्राणवायू दूर नेऊन ठेवायचा आणि मधल्या वाटेवर आपण नाके बसवून जकात घ्यायची, असा हा सगळा डाव आहे.

आणि वरच्या कांडीपाशी शेवटी तयार काय होते? तारेतून आलेले इलेक्ट्रॉन, पाण्यातून झिरपत आलेले हायड्रोजनचे भारित कण आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात आणि त्यांचे होते पाणी! अशा योजनेला शास्त्रज्ञ 'सूक्ष्मजैविक इंधनघट' म्हणतात. आपण जंतुघट म्हणू.

एका वनस्पतिशास्त्रज्ञाची कल्पना

हे सगळे कळण्याच्या कितीतरी आधी, १९११ साली, इंग्लंडातल्या डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मायकेल पॉटर यांनी यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, द्रावणात प्लॅटिनमचा तुकडा बुडवून पाहिला. शेजारी तसलेच पण यीस्ट नसलेले द्रावण होते. दोन्हींमध्ये विजेचा दाब निर्माण झाला, अर्ध्या व्होल्टच्या आतबाहेर. सजीव पदार्थ कुजवतात तेव्हा वीज मोकळी होते, असे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. फारसे कोणी लक्ष दिले नाही.

वीस वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली. ऐकायला मोठे वाटते, पण प्रवाह होता अवघा दोन मिलिअँपिअर. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. तो केला तर एका वॅटचा चौदावा हिस्सासुद्धा पुरता भरत नाही. उंची पुष्कळ, पण पाणी करंगळीएवढे, असा तो धबधबा होता.

अडचण अशी होती की बहुतेक जंतू आपले इलेक्ट्रॉन शरीराबाहेर सोडायला तयार नसतात. १९८० नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या पीटर बेनेटो यांनी त्यावर दलाल नेमले. काही रंगद्रव्ये जंतूच्या शरीरात शिरून इलेक्ट्रॉन उचलतात आणि कांडीवर आणून टाकतात. वीज वाढली. पण दलाली कोणाला चुकली आहे? ही द्रव्ये महाग, त्यांतली काही विषारी, आणि पाण्याबरोबर वाहून जाणारी. सांडपाण्यासाठी ती निकामी.

लव्हलींचा जिओबॅक्टर आणि १९८८ साली केनेथ नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातून मिळवलेला शेवानेला यांनी ही दलाली संपवली. हे जंतू स्वतःच माल पोचता करतात. १९९९ साली दक्षिण कोरियात ब्युंग होंग किम यांच्या गटाने दलालाशिवाय चालणारा घट तयार करून दाखवला. जिओबॅक्टर तर आपल्या अंगातून केसाहून हजारो पट बारीक तंतू बाहेर काढतो आणि त्यांतून वीज वाहू देतो. हे तंतू कशाचे, यावर बरीच वर्षे वाद झाला. २०१९ साली असे दिसून आले की त्यांच्यात हीम नावाच्या लोहयुक्त कणांची एकापुढे एक माळच ओवलेली असते. आपल्या रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त अंश याच जातीचा. नाल्यातला य:कश्चित जंतू आणि आपण, नाते कुठे जाऊन जुळते पाहा!

बरणीची फजिती

इकडे आमच्या गॅलरीतल्या बरणीची काय कथा? चिरंजीवांनी ग्रॅफाइटच्या दोन कांड्या आणल्या, दोन्ही चिखलात खोल खुपसल्या, तारा जोडल्या, आणि मीटर लावला. काटा शून्यावर. दुसरा दिवस, शून्य. आठ दिवस झाले, शून्य. प्रदर्शन जवळ येत चालले. पोराचे तोंड उतरले, आणि आजीने "माझी बरणी घासून दे" असा तगादा लावला.

वर सांगितलेला कोयनेचा धबधबा मला त्याच सुमारास उमजला होता. मी म्हटले, "अरे, तू दोन्ही कांड्या तळाशी पुरल्यास. पाणी पडायचे कुठून कुठे? एक खाली ठेव, दुसरी वर हवेकडे आण." चिखलावर चार बोटे पाणी घातले, एक कांडी चिखलातच राहू दिली आणि दुसरी वरच्या पाण्यात आडवी तरंगत ठेवली. दोन दिवसांनी मीटर थोडा हलला. मग जंतूंनी कांडीवर बिऱ्हाड थाटले असावे. कारण दाब रोज चढत गेला, आणि दहाव्या दिवशी चार दशांश व्होल्टच्या थोडा पुढे जाऊन थांबला. टॉर्चच्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, हे लक्षात घेतले तर चिखलाला नावे ठेवायचे कारण नाही.

त्या रात्री चिरंजीवांनी लगेच त्यावर छोटा दिवा लावून पाहिला. तो लागला नाही. लागणारही नव्हता. का, ते पुढे येतेच.

आता हिशेब

सांडपाणी स्वच्छ होता होता वीजही देते, हे नीट मोजून दाखवले ते २००४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात. ब्रूस लोगन, हाँग लिऊ आणि रामनाथन रामनारायणन यांनी एका नळकांड्यात ग्रॅफाइटच्या आठ कांड्या उभ्या केल्या, मधोमध हवेसाठी पोकळ दांडा ठेवला, आणि त्यातून खरेखुरे शहरी सांडपाणी सोडले. पाण्यातली ८० टक्क्यांपर्यंत घाण नाहीशी झाली, आणि शिवाय वीज मिळाली. किती? कांड्यांच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला जास्तीत जास्त २६ मिलिवॅट.

गृहिणीच्या भाषेत याचा अर्थ काय? घरातला नऊ वॅटचा एक एलईडी दिवा लावायचा तर सुमारे साडेतीनशे चौरस मीटर कार्बन पसरावा लागेल. पाच-सहा बऱ्यापैकी मोठ्या ब्लॉकांची सगळी फरशी झाकली जाईल इतका! पुढे प्रयोगशाळांत हा आकडा पुष्कळ वाढला, चौरस मीटरला वॅट-दोन वॅटपर्यंतही गेला. पण तो लहानशा पात्रात, जंतूंना निवडक खाद्य देऊन. पात्र मोठे केले की वीज त्या मानाने वाढत नाही, ही या विद्येची मोठी डोकेदुखी. पाण्यातून भारित कणांना दूरवर जावे लागते आणि वाटेतच दम जातो. अनेक घट एकापुढे एक जोडले तर त्यांतला एखादा अशक्त घट उलटा फिरतो आणि बाकीच्यांची कमाई खाऊन टाकतो. एकत्र कुटुंबात एखादा असतोच ना, तसे!

२००७ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाने याटाला येथील एका मोठ्या बिअरच्या कारखान्यात तीन मीटर उंचीची बारा नळकांडी उभी करून मोठ्या प्रमाणावर प्रयोग केला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पण वीज अपेक्षेप्रमाणे मिळाली नाही. कारखान्याचे सांडपाणी वीजभार नीट वाहून नेणारे नव्हते, आणि हवेकडच्या बाजूवर नको त्या जंतूंचे थर चढत गेले.

हे वाचून दाखवल्यावर सौ.ने रास्त शंका काढली. "मग एवढी यातायात कशाला? आमच्या माहेरी गोबरगॅस आहेच की!" शंका खरी आहे, आणि त्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमानाचा आहे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू उपयोगात आणला गेला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी शौचकूपांना जोडलेल्या गॅससंयंत्राचा ध्यास घेतला. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी तेच काम हयातभर पुढे चालवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण गॅसला दाट माल लागतो, शेण किंवा मैला. मोरीचे पाणी म्हणजे निव्वळ पाणीच पाणी, त्यात घाण ती हजारात अर्धा भाग. त्याचा गॅस करणे परवडत नाही. शिवाय गॅस जाळून इंजिन चालवायचे आणि त्यातून वीज करायची, तर बरीच शक्ती उष्णतेत वाया जाते. जंतुघट पातळ पाण्यावरही चालतो आणि सरळ वीजच देतो. दोघांची क्षेत्रे वेगळी. एकाने दुसऱ्याला हाकलायचे कारण नाही.

मडके मदतीला आले

जंतुघट महाग होण्याचे आणखी एक कारण होते. जंतूंची बाजू आणि हवेची बाजू यांच्यामध्ये एक पडदा लागतो. भारित कण त्यातून झिरपले पाहिजेत, पण प्राणवायू आत घुसता कामा नये. असे खास रासायनिक पडदे परदेशात मिळतात, आणि त्यांची किंमत ऐकून घेरी येते.

यावर उपाय सुचला तो खरगपूरच्या आय.आय.टी.मध्ये. प्राध्यापक मकरंद घांगरेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत पडद्याच्या जागी होते कुंभाराच्या चाकावरचे साधे मडके! आपला पाण्याचा माठ बाहेरून ओला का असतो? भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी झिरपते म्हणून. तीच छिद्रे येथे कामाला आली. मडक्याच्या आत सांडपाणी आणि जंतू, बाहेर हवेची बाजू, आणि मधली मातीची भिंत हाच पडदा. भाताच्या गिरणीच्या सांडपाण्यावर तुलना केली तेव्हा मडक्याच्या घटाने महागड्या पडद्याच्या घटापेक्षा अधिक वीज दिली आणि पाणीही चांगले निवळले. पुढे याच गटाने मैला स्वच्छ करता करता त्याच्याच विजेवर दिवे लावणारे शौचालयही उभारून दाखवले.

इंग्लंडात ब्रिस्टल येथे योआनिस येरोपोलोस यांनीही भाजलेल्या मातीच्याच नळ्या वापरल्या, आणि जंतूंना खाद्य म्हणून दिले मानवी मूत्र. २०१३ साली त्यांनी त्यावर एक मोबाइल फोन इतका भारून दाखवला की त्यावरून संदेश धाडता आले आणि छोटेसे संभाषणही झाले. २०१५ साली ग्लॅस्टनबरीच्या प्रसिद्ध संगीतजत्रेत त्यांच्या मुतारीतले दिवे त्याच विजेवर लागले. लोकांनी थट्टा केली, फोटो काढले.

पण थट्टेपलीकडचा उपयोग दिसला तो पूर्व आफ्रिकेत. युगांडातल्या किसोरो गावी मुलींची एक निवासी शाळा आहे. २०१७ साली तिथल्या शौचालयाला असा घट जोडला, आणि रात्री तिथे दिवे लागू लागले. दोन-चार छोटे एलईडी, त्याहून जास्त काही नाही. मात्र रात्री अंधारात एकटीने शौचालयाकडे जायचे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळे सांगायला नको. ज्या जागी तार पोचलेली नाही, तिथे भीती घालवायला दोन-चार एलईडी पुरतात.

थोडी वीज, मोठे काम

हा सगळा पसारा वाचल्यावर माझे मत असे झाले. मोरीच्या पाण्यावर शहर उजळेल, अशी आशा कोणी दाखवली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. भारतीय हिशेबाने माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. चौघांच्या घरातून साधारण सव्वाचारशे लिटर सांडपाणी निघेल, आणि त्यातली सगळी, अगदी सगळी, शक्ती हाती आली तरी ती युनिटच्या आतच. घट तिच्यातला थोडासा वाटा देतो. म्हणून तर चिरंजीवांच्या बरणीवर दिवा लागला नाही.

पण या घटाची खरी कमाई त्याने दिलेल्या विजेत नाही, त्याने वाचवलेल्या विजेत आहे. खाली हवा फुंकावी लागत नाही, पंखे लागत नाहीत. जंतूंच्या तोंडचा घास आपण थोडा काढून घेत असल्यामुळे त्यांची प्रजाही कमी वाढते, आणि मागे उरणारा गाळ, ज्याची विल्हेवाट लावता लावता नगरपालिका जेरीस येतात, तोही कमी निघतो. घराचे बजेट कमाई वाढवून जुळते तसे खर्च तोडूनही जुळते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

याच घटाचा दुसरा उपयोग पहारेकऱ्याचा. पाणी किती घाण आहे हे ठरवायची रूढ चाचणी तीन ते पाच दिवस घेते. तोवर कारखान्याने सोडलेले पाणी कुठल्या कुठे गेलेले असते! घटातला प्रवाह मात्र घाणीच्या प्रमाणात लगेच कमीजास्त होतो, आणि पाण्यात विष आले तर एकदम पडतो. नदीकाठी असा पहारेकरी बसवला तर चोरी चटकन सापडेल. ज्या पोटोमॅक नदीत लव्हलींना तो जंतू सापडला, त्याच नदीत २००८ साली अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञांनी हवामान टिपणारी एक तरंगती चौकी तळाच्या चिखलातल्या विजेवर चालवून दाखवली. तिथे ना सूर्याची गरज, ना सेल बदलायला माणूस.

जंतुघटावर चालणारी मोठी सांडपाणी-केंद्रे अजून उभी राहायची आहेत. ती उभी राहीपर्यंत आपण एवढे करू शकतो की मोरीत काय जाते याकडे लक्ष द्यावे. आज ज्या केंद्रांतून पाणी स्वच्छ होते तिथेही काम करतात ते जंतूच. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतले की ते नळात थिजते आणि पाण्यावर तवंग धरून हवा अडवते. ॲसिडच्या बाटल्या ओतल्या की जंतू मरतात. बिनपगारी नोकर आहेत ते. निदान त्यांच्या जिवावर तरी उठू नये!

वसुबारसेच्या संध्याकाळी आई गॅलरीत पणती ठेवायला गेली. बरणी तिथेच होती, मीटरवर चार दशांश दिसत होते. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही पणतीसुद्धा चिखलाचीच की रे. भाजली म्हणून पणती." मग पदराने बरणीवरची धूळ पुसून तिने पणती शेजारी ठेवली, आणि जाता जाता नातवाला बजावले, "दिवाळी झाली की मला नवी बरणी आणून दे. ही आता तुझ्या जंतूंनाच राहू दे."